उचलीचा माग

महाराष्ट्रात उसाला कोयता लागतो तो दिवाळीच्या आसपास. त्या तोडणीचे पैसे मात्र पावसाळ्यातच फिरू लागतात. जून-जुलैत साखर कारखाना तोडणी-वाहतुकीचे करार करायला बसतो. ट्रॅक्टर किंवा ट्रक असलेला वाहनमालक त्या करारावर सही करतो. कारखाना त्याला आगाऊ रक्कम देतो किंवा कारखान्याच्या हमीवर बँक कर्ज देते. वाहनमालक ती रक्कम मुकादमाच्या हाती ठेवतो. मुकादम ती घेऊन शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी अशा बीडच्या तालुक्यांत, शेजारच्या पाथर्डी-जामखेडात, जालना-परभणीच्या तांड्यांवर जातो आणि घरोघर वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे पन्नास हजार, ऐंशी हजार, लाख, अलीकडे त्याहूनही अधिक. या रकमेला उचल म्हणतात. कुणाची उचल मुलीच्या लग्नात जाते, कुणाची दवाखान्यात, कुणाची मागच्या वर्षीच्या सावकाराकडे. हंगाम सुरू होतो तेव्हा बहुतेक घरांत तिच्यातला रुपयाही उरलेला नसतो.

हे पुस्तक कंपन्यांच्या खरेदी विभागांसाठी, कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांसाठी आणि लेखापरीक्षकांसाठी आहे. आपल्या व्यवसायात आणि आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडे वेठीचे श्रम शिरणार नाहीत यासाठी काय करावे, हे ते सांगते. जगभर या विषयावर जे लिहिले जाते ते सहसा दुकानाच्या फळीवरून सुरू होते आणि मालाच्या मागे मागे जात शेतापर्यंत किंवा खाणीपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करते. साखरेच्या बाबतीत ही वाट फार लवकर बुजते. शंभर गावांचा ऊस एका गव्हाणीत पडतो, त्याचा रस एका टाकीत जातो, साखर एका गोदामात रचली जाते आणि व्यापाऱ्याकडे दहा कारखान्यांची पोती शेजारी शेजारी लागतात. अमुक पोते कुठल्या फडातले, हे कुणालाही सांगता येत नाही. पैशाचे तसे नाही. कारखान्याच्या शेती विभागापासून मुकादमाच्या वहीपर्यंत प्रत्येकाने आपले येणे नावानिशी लिहून ठेवलेले असते, कारण ते बुडू नये याची प्रत्येकाला काळजी असते. म्हणून या प्रस्तावनेत मी मालाऐवजी उचलीचा माग काढणार आहे, आणि तोही एकाच धंद्यातला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज आहे की २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात होती आणि त्यांपैकी ८६ टक्के खासगी क्षेत्रात. एवढा मोठा आकडा वाचून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. एका कोयत्याचा हिशेब मात्र शेवटपर्यंत वाचता येतो.

तो हिशेब मांडू. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. पहाटे चारला उठून दिवेलागणीपर्यंत राबणारे जोडपे दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. आपण दोन टनच धरू. दिवसाचे झाले ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. हंगाम पूर्ण १५० दिवस चालला आणि एकही दिवस खाडा पडला नाही, तर जोडप्याची कमाई १ लाख ९ हजार ८०० रुपये. उचल एक लाखाची असेल तर फिटली, वर नऊ हजार आठशे राहिले. आता हंगाम शंभर दिवसांतच आटोपला असे धरा. कमाई ७३ हजार २०० आणि अंगावर बाकी २६ हजार ८००. आठवड्याच्या बाजारासाठी मुकादम देतो ती खर्ची यात धरलेली नाही. आजारपण नाही, पावसाने ओला झालेला फड नाही, गाडी वेळेवर न आल्यामुळे बसून काढलेला दिवस नाही. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीतून कापली जाते किंवा पुढच्या वर्षी याच मुकादमाकडे यायला भाग पाडते.

शंभर दिवसांचा हंगाम ही काल्पनिक भीती नाही. २०२४-२५ चा हंगाम विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला, उसाचे पीक कमी होते, आणि अनेक कारखान्यांचा पट्टा फेब्रुवारी-मार्चमध्येच पडला, म्हणजे गाळप संपले. पाऊस कमी झाला, ऊस चाऱ्याला गेला, शेजारच्या कारखान्याने पळवला, सरकारने गाळप उशिरा सुरू करायला सांगितले, यांपैकी एकही गोष्ट तोडणाऱ्याच्या हातातली नाही. तरी उचल घेतली जाते रुपयांत आणि फेडायची असते दिवसांत. दिवस कमी पडले तर तोटा कुणाचा, याचे उत्तर आजच्या व्यवस्थेत ठरलेले आहे. या सगळ्या विषयाचा गाभा मला इथेच दिसतो. धंद्यातली जोखीम करारामागून करार करत खाली ढकलली जाते. ज्याला ती आणखी खाली ढकलायला कुणी उरलेले नाही, त्याच्यापाशी पोहोचल्यावर ती माणसाला बांधून ठेवणारे कर्ज होते.

'बांधून ठेवणारे' हा शब्द मी कायद्याच्या अर्थाने वापरतो आहे. आगाऊ रक्कम घेणे म्हणजे गुलामी नव्हे. हंगामी कामाआधी हाती पैसे पडणे ही अनेक घरांची गरज असते, आणि बरेच कोयते उचल फेडून, चार पैसे गाठीला बांधून परततातही. प्रत्येक ऊसतोड मजुराला गुलाम म्हणणारे लेख मला बेजबाबदार वाटतात. ती माणसे स्वतःला तसे समजत नाहीत, आणि त्यांच्या संपांचा इतिहास त्यांना तसे समजूही देत नाही. पण वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा १९७६ चा केंद्रीय कायदा वाचा. आगाऊ रकमेच्या किंवा कर्जाच्या बदल्यात माणूस नाममात्र मजुरीवर राबत असेल, किंवा दुसरीकडे काम धरायचे, हवे तिकडे जायचे किंवा आपल्या श्रमाचे फळ बाजारभावाने विकायचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर ती वेठबिगारी. साखळदंड लागत नाही, कुलूप लागत नाही. असे कर्ज कायद्यानेच रद्द होते, आणि ते वेठीचे कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर असते. आता विचारा: फेब्रुवारीत एखाद्या जोडप्याला पलीकडच्या तालुक्यातल्या कारखान्यावर जास्त दर मिळत असेल, तर ते जाऊ शकते का? आई वारली म्हणून गावी गेलेला माणूस परत यायचे नाही म्हणाला तर काय होते? 'ऊसतोड मजुरांना डांबून ठेवले' हा मथळा आपल्या जिल्हा पानांवर दर हंगामात दिसतो. त्याखालच्या दहा ओळींत याची उत्तरे असतात.

तोच कायदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो. दोन हजारांत आज काय येते ते सांगायला नको. सुटका झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी २०१६ च्या केंद्रीय योजनेत एक लाखापासून तीन लाखांपर्यंत मदत ठेवली, पण मोठी रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी जोडली. खटले रखडतात, रक्कमही रखडते.

कोयता म्हणजे जोडपे, हे वर जाता जाता लिहिले. त्यावर थोडे थांबायला हवे. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे असते. उचल त्याच्या हातात पडते, हिशेब त्याच्याशी होतो. बाई फडात तेवढीच राबते, मोळी तीच डोक्यावर घेते, कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, परतून चूलही तीच पेटवते, आणि कागदावर ती कुठेच नसते. एकटा आलेला माणूस अर्धा कोयता म्हणून गणला जातो, म्हणजे हिशेबाला बाई ठाऊक आहे; फक्त तिचे नाव ठाऊक नाही. एक दिवस फडावर गेले नाही की खाड्याची रक्कम कापली जाते, काही ठिकाणी दिवसाच्या मजुरीहून जास्त. अशा स्थितीत पाळी, गरोदरपण, अंगावरचे दुखणे यांची किंमत रोखीत मोजावी लागते. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ सतरा टक्के, जेव्हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. यात खासगी दवाखान्यांचा लोभ आहे, कमी वयात झालेली लग्ने आहेत, पाण्याची आणि संडासाची सोय नसलेला मुक्काम आहे. एकच कारण दाखवून मोकळे होता येणार नाही. पण खाड्याचा आकडा या सगळ्यांच्या पाठीशी उभा आहे, आणि पुरवठादाराकडून भरून घेतल्या जाणाऱ्या कुठल्याही प्रश्नावलीत मी खाड्याविषयी प्रश्न पाहिलेला नाही.

जोडप्याला कर्जात बांधायची रीत आपल्याकडे नवी नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव भागात वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेत आणि त्या पैशांपायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे होत; त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले आणि ही पद्धत मोडली. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' अजून वाचले जाते, मात्र बहुतेक वेळा इतिहास म्हणून. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी त्याच जिल्ह्यात वसईच्या बाजूला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगारांच्या सुटकेसाठी श्रमजीवी संघटना उभारावी लागली. फरक असा की लग्नगड्याचा मालक समोर दिसत होता. त्याचा वाडा होता, नाव होते, वाड्यावर मोर्चा नेता येत होता.

ऊसतोड मजुराचा मालक कोण? कारखान्याला विचारा, तो म्हणेल आमचा करार वाहनमालकाशी आहे. वाहनमालक म्हणेल मी मुकादमाला पैसे दिले, माणसे त्याने आणली. मुकादम म्हणेल मी स्वतःच मजूर होतो, कारखान्याचे काम करतो आणि कमिशन घेतो. शेतकरी म्हणेल तोडणी-वाहतूक माझ्याच बिलातून कापली जाते, वर टोळी लवकर यावी म्हणून खुशाली मीच द्यायची, पण टोळी कुणाची ते मला माहीत नाही. चौघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

तरी कारखान्याचे उत्तर मला पटत नाही, आणि त्याची कारणे कारखान्यांच्याच वागण्यात आहेत. तोडणीचा दर कोण ठरवतो? राज्यातल्या कारखान्यांचा संघ मजूर संघटनांशी वाटाघाटी करून ठरवतो. २०२४ चा करार शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादातून झाला. मुकादमाचे कमिशन, सुमारे २० टक्के, तेही त्याच बैठकीत ठरते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने उभारलेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, असा निर्णय आहे. ऊस मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर. आजची तोड कुठल्या फडात हे कारखान्याच्या शेती विभागाचा माणूस सांगतो. दर ठरवतो, काम वाटतो, माप करतो, कल्याणाचा वाटा उचलतो आणि तरीही मालक नाही, असा मालक समजून घ्यायला फार कायदा शिकावा लागतो.

त्याच ऊसबिलात शेतकऱ्याची बाजू पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत त्याला पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे हक्क त्याला कुणी सहजासहजी दिलेले नाहीत, रस्त्यावर उतरून त्याने ते राखले आहेत, आणि आजही एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, थकते तेव्हा साखर आयुक्तांच्या दारात तो उभा असतो. त्याच्याकडे वजनाची पावती असते. ज्याने तो ऊस तोडला त्याच्याकडे पावती नसते. वजन टोळीच्या नावावर चढते, पंधरवड्याचे बिल वाहनमालकाच्या खात्यात जाते, आणि आपली किती उचल फिटली हे मजुराला मुकादमाच्या तोंडून कळते. याच उसावर महाराष्ट्राचा सहकार उभा राहिला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना काढला, तेव्हा सावकाराच्या तावडीतून कुणब्याची सुटका हाच त्यामागचा विचार होता. सभासदाला सावकारातून सोडवणाऱ्या संस्थेच्या परिसरात मजुराचे येणे-देणे सत्तर-पंचाहत्तर वर्षे सावकारी रीतीनेच चालावे, याबद्दल सहकारावरच्या आपल्या गौरवग्रंथांत एखादा परिच्छेद सापडला तर पुष्कळ.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे चालली होती. मजूर ठेकेदारांचे आहेत, आमचे नाहीत, असे सरकारी यंत्रणांनी सांगितले. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने ते ऐकले नाही. किमान वेतनाहून कमी पैशांत राबणे हे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात मनाई केलेले सक्तीचे श्रम आहे, पोटाच्या मारामुळे पत्करलेले कामही सक्तीचेच, आणि काम करवून घेणारा ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटू शकत नाही, असे त्या निकालाने सांगितले. लंडनच्या संसदेने आपला आधुनिक गुलामी कायदा केला तो २०१५ मध्ये. या विषयावरच्या पुस्तकांत ब्रिटिश कायद्याला प्रकरण मिळते आणि आपल्या निकालाला तळटीप. या पुस्तकात क्रम उलटा आहे, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटली.

परदेशी कायदे थोडक्यात. ब्रिटनचा कायदा ३ कोटी ६० लाख पौंडांहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी एक निवेदन काढायला लावतो. 'आम्ही या बाबतीत काहीही केलेले नाही' असे निवेदनही त्या कायद्यात बसते. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा साधारण त्याच घाटाचा. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये निवेदनापलीकडे जाऊन दक्षता घेण्याचे कर्तव्यच घातले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच निर्देश काढला आणि उद्योगांच्या दबावाखाली लगेच त्याची धार बोथट करायला घेतली. मात्र सक्तीच्या श्रमातून आलेल्या मालावर बाजारबंदीचा वेगळा नियमही केला, जो २०२७ च्या डिसेंबरपासून लागू होणार आहे. आपला निर्यातदार याकडे कटकट म्हणून पाहतो. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मलाही तसेच वाटले असते, कारण कागद तो भरतो आणि भाव मात्र ग्राहक कंपनी पाडते.

२०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'द फुलर प्रोजेक्ट' यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा शोधलेख छापला. कर्ज, बालविवाह, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया हे सगळे त्यात होते, आणि इथली साखर घेणाऱ्यांत कोका-कोला व पेप्सिको यांची नावे होती. बीडच्या वाचकाला त्यात नवे फारसे नव्हते. मराठी वृत्तपत्रांनी आणि कार्यकर्त्यांनी ते वर्षानुवर्षे लिहिले होते. नवे होते ते खरेदीदाराचे नाव. असा लेख आला की कंपन्यांची पाहणी पथके येतात. ती कारखान्यात जातात, बॉयलरजवळची सुरक्षा पाहतात, कायम कामगारांची वेतनपत्रके तपासतात, कँटीनमध्ये जेवतात. तोडणी मजूर त्या फाटकाच्या आत कधीच नसतात. त्यांच्या कोप्या फडाकडेला, गायरानात, ओढ्याकाठी पडलेल्या असतात आणि अनेकदा जागा बदलतात. पाहणीचा दिवस आधी कळवलेला असतो हे वेगळेच.

आणि परदेशी कंपन्यांची एवढी चर्चा करताना आपण आपल्या अंगणातला मोठा खरेदीदार विसरतो. उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल बनते, ते सरकारी तेल कंपन्या विकत घेतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. त्यात मक्याचा वाटा वाढला असला तरी उसाचाही बराच आहे. म्हणजे कोयत्याचे श्रम कोका-कोलाच्या बाटलीत जितके आहेत त्याहून जवळ, कोथरूडच्या पेट्रोल पंपावर आहेत. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात सक्तीच्या श्रमाविषयी प्रश्न आहेत, पण पुरवठादारांचे मूल्यमापन केले का, हा प्रश्न ऐच्छिक रकान्यात आहे. सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे त्यांना हा अहवाल लागूच नाही. तेल कंपन्या बाजारात आहेत. त्यांच्या इथेनॉल निविदेत तोडणी मजुरांच्या उचलीविषयी दोन कलमे आली, तर जे अनेक समित्यांना जमले नाही ते घडू शकेल. खरेदीदार सरकारीच असल्याने युरोपच्या कायद्याची वाट पाहायचेही कारण नाही.

ती कलमे कोणती असावीत, याविषयी पुस्तकात एक प्रकरण आहे. माझे आग्रह थोडे आहेत. उचल कारखान्याच्याच पैशातून किंवा हमीवर जाते, तर ती कोयत्याच्या खात्यात थेट जावी, आणि खाते बाईचेही असावे. वजनाची पावती तोडणाऱ्याच्या हातात किंवा मोबाइलवर पडावी; शेतकऱ्याच्या मोबाइलवर ती पडतेच, म्हणजे यंत्रणा आहे. खाड्याची कपात त्या दिवसाच्या कामाहून जास्त नसावी आणि आजारपणात ती नसावीच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हंगाम ठरल्यापेक्षा कमी चालला तर जेवढे दिवस बुडाले तेवढी उचल कारखान्याने सोसावी, बाकी पुढच्या वर्षावर जाऊ नये. या शेवटच्या कलमावर आरडाओरडा होईल, कारण जोखीम जिथून निघाली तिथे ती परत पाठवणारे हे एकच कलम आहे. कारखानदार म्हणतील, २०१९ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढे वर्षानुवर्षे हलली नाही, आम्ही कुठून सोसू? त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच हा खर्च साखर आणि इथेनॉल घेणाऱ्याच्या भावात धरला गेला पाहिजे, आणि म्हणूनच हे पुस्तक खरेदी विभागाच्या टेबलावर हवे. कमीत कमी भावाची निविदा काढायची आणि पुरवठादाराकडून आचारसंहितेवर सही घ्यायची, हे दोन्ही एकाच खात्याने करणे मला ढोंग वाटते.

मुकादमाविषयी दोन शब्द, कारण त्याला खलनायक करून सगळेच मोकळे होतात. तो बहुधा त्याच गावचा, अनेकदा त्याच जातीचा, पूर्वी स्वतः कोयता चालवलेला असतो. वीस कोयत्यांची उचल त्याच्या अंगावर असते. दोन मुकादमांकडून उचल घेऊन गायब होणारी जोडपी असतात, नाही असे नाही. मग वाहनमालक मुकादमाच्या दारात येतो, घर लिहून घेतो, कधी माणसांनाच उचलून नेतो. वाहनमालकांचीही ट्रॅक्टरचे हप्ते थकून वाताहत झालेली आहे, त्यांच्या फसवणुकीच्या तक्रारी सोलापूर-कोल्हापूरच्या पोलीस ठाण्यांत पडून आहेत. हे सगळे खरे धरूनही त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते उलटा आहे: उचल थेट खात्यात गेली आणि तिची जोखीम कारखान्याकडे राहिली, तर वाहनमालक आणि मुकादम यांचीही यातून सुटका होते. गुजरातेत, बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांवर, नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी मजूर जातात. तिथे हंगामात दिलेली धान्याची खावटी अखेरीस दीडपट कापली जात असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात त्या भागाविषयी जे लिहिले ते आजही बरेचसे लागू आहे. तिथेही ठेकेदारालाच दोष दिला जातो.

एका बाबतीत माझे मत या पुस्तकाहून वेगळे आहे. दोष आढळल्यास ठरावीक मुदत द्यावी आणि सुधारणा न झाल्यास खरेदी थांबवावी, असा सल्ला त्यात आहे. कागदावर तो बरोबर दिसतो. पण हंगामाच्या मध्यात खरेदी थांबली तर पहिला फटका कोयत्यालाच बसतो; गाळप मंदावते, दिवस कमी होतात आणि बाकी वाढते. वरचे गणित पुन्हा तपासा. तोडणी यंत्रांचेही असेच आहे. सरकार हार्वेस्टरला अनुदान देते, कारखान्यांना तो हवासा वाटतो, कारण यंत्र उचल मागत नाही. यंत्र आले म्हणून मागची बाकी माफ झाल्याचे मात्र मी ऐकलेले नाही. खरेदीदाराने जायचेच असेल तर आधी मागच्या हंगामाच्या बाक्या मिटवायला लावाव्यात आणि मगच जावे. संबंध टिकवून दबाव ठेवणे कंटाळवाणे आणि वेळखाऊ असते, आणि वार्षिक अहवालात त्याचा फोटो येत नाही. तरी मी त्याच बाजूचा आहे.

वाचकाने हे पुस्तक केव्हा वाचावे, याविषयीही एक सूचना. हंगाम सुरू झाल्यावर वाचून फारसा उपयोग नाही. तोवर उचल वाटून झालेली असते. तोडणी-वाहतुकीचे करार जूनमध्ये टंकले जातात. त्याआधी, एप्रिल-मेमध्ये, पट्टा पडून टोळ्या गावी परतलेल्या असतात, तेव्हा ज्या कारखान्याकडून तुम्ही साखर, मळी किंवा इथेनॉल घेता त्याच्याकडे एकच कागद मागा: संपलेल्या हंगामाअखेर कुठल्या कोयत्याच्या नावावर किती बाकी राहिली त्याची यादी. ती आमच्याकडे नसते, असे उत्तर येईल. मग वाहनमालकाकडून मागवा म्हणून सांगा. त्याच्याकडे ती असते.